त्या तारखेला हिशेब कोण मागणार?

जागतिक दिनांवरचा वाद आता इतका ठरून गेला आहे, की समोरच्याचे पुढचे वाक्य आधीच ऐकू येते. एक बाजू म्हणते, एका दिवसाने काय होणार? फिती लावायच्या, फलक धरायचे, फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दुसरी बाजू म्हणते, निदान एक दिवस तरी लोकांचे लक्ष जाते, त्यात बिघडले काय? अलीकडे तिसरा सूर जोरात आहे: हे सगळे बंद करा आणि तो पैसा संशोधनाला द्या, आजार प्रयोगशाळेमुळे बरे होतात. हा तिसरा सूर सर्वांत समंजस वाटतो आणि म्हणूनच मला तो सर्वांत घातक वाटतो. ज्ञान एकदा निर्माण झाले की ते आपल्या पायांनी चालत गरजूच्या दारात पोहोचते, असे त्यात गृहीत धरलेले असते. आरोग्य, पर्यावरण आणि समता या तिन्ही क्षेत्रांचा गेल्या शे-दीडशे वर्षांचा अनुभव याच्या उलट आहे. काय शक्य आहे ते संशोधन सांगते. ते अजून झाले का नाही, हा प्रश्न मात्र कुणीतरी, ठरलेल्या दिवशी, चारचौघांत विचारावा लागतो. जागतिक दिनांचे काम माझ्या मते हेच आहे, आणि ते संशोधनाइतकेच आवश्यक आहे.

क्षयरोगाचे उदाहरण घ्या. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. युरोप-अमेरिकेत त्या काळी सातपैकी एक माणूस क्षयाने मरतो असे मानले जाई. त्या घोषणेला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९८२ मध्ये, २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळावा असा प्रस्ताव आला. जंतू कळून आता १४० वर्षांहून अधिक काळ लोटला. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले, पुढच्या काही दशकांत इतर औषधे आली आणि नियमित उपचाराने हा रोग बहुतेकांचा बरा होतो हे सिद्ध झाले. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षय झाला आणि सुमारे साडेबारा लाख माणसे दगावली. ही माणसे कशाने मेली? ज्ञानाच्या अभावाने म्हणावे, तर ते ज्ञान आपल्या आजोबांच्या पिढीकडेही होते. मरणारे बहुतेक गरीब, दाटीवाटीत राहणारे, अर्धपोटी लोक आहेत, आणि त्यांच्या मरणाची बातमी होत नाही. वर्षातून एका दिवशी तरी हा आकडा मोठ्याने वाचून दाखवावा लागतो, कारण उरलेल्या दिवशी तो कुणी वाचत नाही.

एड्सच्या बाबतीत हे आणखी ठळकपणे दिसले. १ डिसेंबर १९८८ रोजी पहिला जागतिक एड्स दिन पाळला गेला. १९९४ मध्ये एका चाचणीने दाखवले, की एझेडटी हे औषध गर्भवतीला आणि नवजात बाळाला दिले तर आईकडून बाळाला होणारा संसर्ग सुमारे दोन-तृतीयांशाने घटतो. १९९६ पर्यंत तीन औषधांच्या एकत्रित उपचाराने मरणपंथाला लागलेली माणसे उठून कामावर जाऊ लागली. पण हा उपचार वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलरचा होता आणि बहुतेक रुग्ण आफ्रिकेत होते. प्रयोगशाळेने आपले काम चोख केले होते. पुढे काय? पुढचे काम दक्षिण आफ्रिकेत काही कार्यकर्त्यांनी हाती घेतले. त्यांनी ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन या संघटनेचा आरंभ केला तो १० डिसेंबर १९९८ रोजी, म्हणजे जागतिक मानवी हक्क दिनी. उपचार हा हक्क आहे, हे सांगायला त्यांनी नेमकी ती तारीख वापरली. या संघटनेचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम म्हणजे तिने रुग्णांना विज्ञान शिकवले. विषाणू पेशीत कसा शिरतो, औषध त्याला कुठे अडवते, रक्तातल्या कोणत्या आकड्याचा काय अर्थ होतो, हे साध्या वस्त्यांतल्या स्त्रिया एकमेकींना समजावून सांगू लागल्या. २००१ मध्ये सिप्ला या भारतीय कंपनीने तोच तिहेरी उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. २००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने गर्भवतींना, बाळाला होणारा संसर्ग रोखणारे नेव्हिरापिन हे औषध सरकारी रुग्णालयांतून द्यावेच लागेल असा निर्णय दिला. खुद्द राष्ट्राध्यक्षच रोगाच्या कारणाबद्दल शंका घेत होते त्या काळात हे घडले. उपचार वेळेवर न दिल्यामुळे २००० ते २००५ या काळात त्या देशात तीन लाखांहून अधिक जीव गेले, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडला. त्या तीन लाख माणसांना आणखी एका प्रयोगशाळेने वाचवले असते काय?

आता विरोधकांचे मुद्दे. ते हलके नाहीत आणि मी ते हलक्याने घेणार नाही.

पहिला मुद्दा पुराव्याचा. संशोधनाची भाषा बोलणाऱ्यांनी जागृतीच्या दिवसांनाही तोच निकष लावावा, हे म्हणणे रास्त आहे. अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्याच्या एका प्रमुख नियतकालिकाने २०१५ मध्ये हा प्रश्न उपस्थित केला, तेव्हा आरोग्यविषयक दिनांचा परिणाम खरोखर मोजणारे अभ्यास हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सापडले. दिन मात्र दरवर्षी वाढत आहेत. हे लाजिरवाणे आहे आणि दिनांच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्यासारख्यांना ते मान्य करावेच लागेल. पण जे थोडे मोजले गेले आहे ते काय सांगते? लॅटिन अमेरिकी देशांत जागतिक तंबाखूविरोधी दिनाच्या सुमारास सिगारेट सोडण्याबद्दलच्या बातम्या वाढतात आणि त्याबरोबर ‘कशी सोडावी’ याचा इंटरनेटवरचा शोधही स्पष्टपणे वाढतो, असे दिसले आहे. म्हणजे दार उघडते. त्या दारातून आत आलेल्याला सल्ला, औषध, पाठपुरावा देणारे कुणी नसेल, तर दोष दाराचा कसा? स्तनाच्या कर्करोगाच्या जागृती महिन्याबद्दलचा एक अभ्यास तर फार बोलका आहे. अमेरिकेत हा महिना ऑक्टोबरमध्ये असतो. १९९० च्या दशकाच्या मध्यास त्यानंतर लगेच, नोव्हेंबरमध्ये, निदानांचे प्रमाण वाढलेले दिसे. पुढे तपासणी हीच रूढ झाली तशी ही वाढ ओसरली. मला यातून मोहीम निरर्थक असल्याचे दिसत नाही. तिचे एक काम संपले होते, आणि ज्या बायकांपर्यंत तपासणी अजून पोहोचली नव्हती तिकडे तिने वळायला हवे होते, एवढेच दिसते.

दुसरा मुद्दा सर्वांत जड आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. जागृती नुसती निष्फळ ठरते असे नाही, ती अपायही करते. दक्षिण कोरियात १९९९ मध्ये राष्ट्रीय कर्करोग तपासणी कार्यक्रम सुरू झाला. थायरॉइडची तपासणी त्यात नव्हती, पण जाता-जाता थोड्या पैशांत गळ्याची सोनोग्राफीही करून घ्या, असे दवाखाने सुचवू लागले. लवकर निदान म्हणजे जीव वाचला, हा संदेश वर्तमानपत्रांतून आणि टीव्हीवरून घुमत होताच. २०११ पर्यंत त्या देशातले थायरॉइड कर्करोगाचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले. आणि मृत्यू? त्यांच्या आकड्यात काहीच फरक पडला नव्हता. म्हणजे आयुष्यभर त्रास न देणाऱ्या बारीक गाठी शोधून हजारो निरोगी माणसांच्या ग्रंथी काढल्या गेल्या. त्यातल्या बहुतेकांना जन्मभर गोळ्या घेणे आले, काहींचा आवाज कायमचा बिघडला. ही हकिगत वाचल्यापासून ‘लवकर तपासा’ हे वाक्य मी सरसकट उच्चारू शकत नाही. दिनांचे समर्थन करणाऱ्या प्रत्येकाने ती माहीत करून घ्यायला हवी.

पण ही लाट थांबली कशी, तेही पाहायला हवे. कोरियातल्याच काही डॉक्टरांनी आकडे मांडले आणि २०१४ मध्ये जाहीर पत्रक काढून निरोगी माणसांनी अशी तपासणी करून घेऊ नये, असे सांगितले. माध्यमांनी तो विषय लावून धरला. वर्षभरात शस्त्रक्रिया साधारण एक-तृतीयांशाने घटल्या. अपाय झाला तो संशोधनापासून सुटलेल्या संदेशामुळे, आणि तो आवरला संशोधनावर उभ्या असलेल्या दुसऱ्या संदेशाने. डॉक्टर गप्प बसले असते, फक्त शोधनिबंध लिहून मोकळे झाले असते, तर कोरियात आजही गळे चिरले जात राहिले असते.

तिसरा मुद्दा असा, की दिन नेहमी उशिरा येतात, काम होऊन गेल्यावर श्रेय घ्यायला. याचे उत्तम उदाहरण म्हणून ओझोन दिन पुढे केला जातो. मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये क्लोरोफ्लुरोकार्बन (सीएफसी) या फ्रीज आणि फवाऱ्याच्या डब्यांतल्या वायूंमुळे ओझोन नष्ट होऊ शकतो असा इशारा दिला, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचे छिद्र जगापुढे आले, १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करारावर सह्या झाल्या. ओझोन दिन जाहीर झाला तो १९९४ मध्ये. आक्षेप बरोबर आहे: हा दिन नसता तरी करार झालाच होता. पण ते छिद्र सापडले कसे? ब्रिटिशांच्या हॅली बे या अंटार्क्टिक तळावर ओझोन मोजण्याचे कंटाळवाणे काम १९५० च्या दशकापासून न चुकता चालू होते, म्हणून. आणि तो तळ उभारला गेला होता १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षासाठी. त्याच वर्षाच्या निमित्ताने चार्ल्स कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ३१५ होते, आज ते ४२० च्या पुढे आहे. हवामानबदलाबद्दल आपण जे काही ठामपणे बोलतो त्याच्या मुळाशी या मोजणीची ही एक वक्ररेषा आहे. आंतरराष्ट्रीय ‘वर्ष’ जाहीर करणे ही निव्वळ औपचारिकता असती, तर या दोन्ही गोष्टी घडल्या असत्या का? सदुसष्ट देशांनी मिळून एका तारखेपासून दुसऱ्या तारखेपर्यंत एकत्र मोजमाप करायचे कबूल केले, म्हणून पैसा आला, उपकरणे आली, तळ उभे राहिले. उत्साह ओसरल्यावर काय होते तेही कीलिंग यांच्याच नोंदींत दिसते. १९६४ च्या सुरुवातीला खर्चकपातीमुळे मोजणी काही काळ बंद पडली आणि त्या आलेखात तेवढी जागा कायमची रिकामी राहिली.

करार झाला म्हणजे राखण संपली, असेही होत नाही. बंदी घातलेल्या सीएफसी-११ या वायूची घट २०१२ नंतर अनपेक्षितपणे मंदावल्याचे संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले. पुढच्या वर्षी त्यातल्या मोठ्या हिश्श्याचा माग पूर्व चीनपर्यंत लागला, त्यानंतर हे उत्सर्जन पुन्हा घटले. ज्या दिवशी सगळे देश स्वतःची पाठ थोपटून घेतात त्या १६ सप्टेंबरला अशा नोंदी टेबलावर यायला हव्यात.

या सगळ्या वादात एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटते: काही वेळा दिवस हीच वैज्ञानिक पद्धत असते. आल्बर्ट सेबिन यांनी पोलिओची तोंडावाटे द्यायची लस तयार केली तेव्हा ती कशी द्यायची हाही संशोधनाचाच प्रश्न होता. वर्षभर थोडी-थोडी लस देत राहिले तर विषाणूला लस न घेतलेली मुले सापडत राहतात. पण देशातल्या सगळ्या बालकांना अगदी थोड्या दिवसांत लस दिली तर लसीतला दुबळा विषाणू एकाच वेळी असंख्य आतड्यांत जागा घेतो आणि मूळ विषाणूला पसरायला वाटच उरत नाही. क्यूबाने १९६२ मध्ये हे करून दाखवले. ब्राझीलने १९८० पासून राष्ट्रीय लसीकरण दिवस सुरू केले आणि वर्षभरात रुग्णसंख्या झपाट्याने कोसळली. १९९४ मध्ये दोन्ही अमेरिका खंड पोलिओमुक्त जाहीर झाले. एल साल्वादोरमध्ये तर यादवी युद्ध चालू होते. १९८५ मध्ये चर्च आणि युनिसेफच्या मध्यस्थीने सरकार आणि बंडखोर यांनी मुलांच्या लसीकरणासाठी वेगवेगळ्या तीन रविवारी बंदुका खाली ठेवल्या, आणि पुढे युद्ध संपेपर्यंत दरवर्षी हे शांततेचे दिवस पाळले गेले. ‘एका दिवसाने काय होणार’ असे म्हणणाऱ्यांनी हे तीन रविवार आठवावेत.

समतेच्या बाबतीत तारखेचे बळ सर्वांत जुने आहे. १९१० मध्ये कोपनहेगनच्या परिषदेत जर्मन समाजवादी नेत्या क्लारा झेटकिन यांनी महिला दिनाची कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रिया, डेन्मार्क, जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये दहा लाखांहून अधिक लोक त्या दिवशी एकत्र आले. ८ मार्च १९१७ रोजी रशियातल्या पेट्रोग्राडच्या कापडगिरण्यांतल्या बायका महिला दिनाच्या निमित्ताने काम थांबवून भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या, आणि आठवडाभरात झारला पदत्याग करावा लागला. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या महिला वर्षात, आइसलँडमधल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांनी एक दिवस नोकरी आणि घरकाम दोन्ही बंद ठेवले. पुढच्या वर्षी समान हक्कांचा कायदा आला, आणि पाच वर्षांनी विग्दिस फिनबोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या. हे दिवस फुले देण्याचे नव्हते. आज ते तसे झाले असतील, तर ते पुन्हा मूळ कामाला लावावे लागतील. ते मोडीत काढून काय मिळणार?

आणि या चळवळींनी संशोधनालाही बदलले, हे तिसऱ्या सुराने लक्षात घ्यावे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ मध्ये गर्भधारणेच्या वयातल्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याची शिफारस केली. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा झाला, की पुरुषांच्या शरीरावर मोजलेला डोस बायकांना दिला जाऊ लागला. स्त्रियांच्या आरोग्यासाठी झगडणाऱ्यांनी दबाव आणल्यावर १९९३ मध्ये सरकारी पैशातून होणाऱ्या चाचण्यांत स्त्रियांचा समावेश कायद्याने बंधनकारक झाला. झोल्पिडेम हे झोपेचे औषध अमेरिकेत १९९२ मध्ये मंजूर झाले. बायकांच्या शरीरातून ते हळू बाहेर पडते आणि सकाळी गाडी चालवताना धोका राहतो, म्हणून त्यांचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणण्याचे पाऊल उचलले गेले ते २०१३ मध्ये. सुमारे वीस वर्षे बायकांना दुप्पट डोस सुचवला जात होता. हा प्रश्न कुणी पुरेसा लावून धरला नव्हता, कारण तो विचारणारे प्रयोगशाळेत कमी होते. जगातल्या संशोधकांत स्त्रिया आजही साधारण एक-तृतीयांश आहेत. ११ फेब्रुवारीचा विज्ञानातील स्त्रिया आणि मुलींचा दिन मला महत्त्वाचा वाटतो तो या कारणासाठी. कुणाला प्रयोगशाळेत जागा मिळते यावर कोणते प्रश्न विचारले जातील हे ठरते.

दिनांना पैसा पुरवणाऱ्या प्रायोजकांचा मुद्दा थोडक्यात. स्तनाच्या कर्करोगाच्या जागृती महिन्यामागे सुरुवातीपासून एका औषध कंपनीचा पैसा होता, आणि गुलाबी फीत आज वाटेल त्या वस्तूवर चिकटवली जाते. ही टीका मी पूर्णपणे मान्य करतो. ज्याच्या उत्पादनामुळे प्रश्न निर्माण होतो किंवा ज्याचा माल त्या प्रश्नावर खपतो, त्याच्या पैशावर दिन साजरा होऊ नये. पण हीच विकृती संशोधनातही आहेच. पेट्रोलमधले शिसे माणसाच्या शरीरात साठत आहे, असे अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ मध्ये लिहिले, तेव्हा त्यांना उद्योगांचा रोष पत्करावा लागला आणि पुढे शिशावरच्या राष्ट्रीय अभ्यासगटात त्यांनाच घेतले नाही. त्यांच्या म्हणण्याला बळ आले ते कधी? २२ एप्रिल १९७० च्या पहिल्या वसुंधरा दिनी सुमारे दोन कोटी अमेरिकी लोक बाहेर पडले, त्याच वर्षी पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली, आणि शिसे कमी करण्याचे नियम पुढे तिनेच आणले. जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबायला २०२१ उजाडले.

म्हणून कोणत्याही दिनाबद्दल माझी मागणी एवढीच आहे: त्या दिवशी गेल्या वर्षीचा आकडा आणि या वर्षीचा आकडा शेजारी-शेजारी ठेवा, दिलेला शब्द कुणी पाळला आणि कुणी मोडला ते नावानिशी सांगा, आणि पुढच्या वर्षासाठी एक मोजता येईल अशी गोष्ट मागा. ज्या दिनाला असे काहीच मागायचे नाही तो पाळणे खुशाल सोडून द्यावे, त्याने कुणाचे नुकसान होणार नाही.

क्षयरोग दिनाला मात्र मागण्यासारखे पुष्कळ आहे. क्षयाविरुद्धची आपल्याकडची एकमेव मान्यताप्राप्त लस बीसीजी, ती माणसाला पहिल्यांदा दिली गेली १९२१ मध्ये. प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून ती पुरेसे रक्षण करत नाही. एम७२ या नव्या लसीने दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत सुमारे ५० टक्के संरक्षण दिल्याचे २०१८-१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तिची तिसऱ्या टप्प्याची चाचणी दक्षिण आफ्रिकेत सुरू व्हायला मार्च २०२४ उजाडले. मधल्या वर्षांत कोविडचा विषाणू सापडल्यापासून वर्षभराच्या आत लस लोकांच्या दंडात गेली होती, म्हणजे घाई करणे जगाला जमते. तिसऱ्या टप्प्यासाठी आफ्रिका आणि आशियातल्या सात देशांत सुमारे वीस हजार लोकांना सहभागी करून घ्यायचे ठरले. ज्यांनी आपला दंड पुढे केला त्यांना ही लस किती किमतीला मिळणार, आणि कोणत्या वर्षी? निकालाची वाट न पाहता हा प्रश्न येत्या २४ मार्चलाच लेखी विचारायला हवा. एड्सच्या औषधांच्या वेळी तो उशिरा विचारला गेला होता.